निळ्या टबातली टोपं

साबण अंगाला लावायला सगळे पुढे, पण तो होताना काय होतं ते ऐकून घ्यायला एकालाही वेळ नाही, हे जागृतीचं जुनंच दुखणं होतं. वसईतल्या वाडीत, घराच्या मागच्या पडवीत ती खोबरेल तेलाचा साबण करायची. नवरा भावेश, सासू, सासरे, सगळ्यांना तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की साच्यात ओतला म्हणजे साबण झाला नाही. टोपाला आणि ढवळण्याला जो लगदा चिकटून राहतो, त्यात कॉस्टिक सोडा अजून जिवंत असतो. दिसायला चक्क्यासारखा, पण हाताची सालं काढतो. म्हणून ती रबरी हातमोजे न काढता भांडी आधी रद्दीने पुसून घ्यायची आणि पडवीच्या ओट्यावरच्या निळ्या टबात झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्या चिकटलेल्या लगद्याचाच साबण होऊन जायचा. मग गरम पाणी ओतलं की भांडी आपल्याच फेसाने निघायची. तोवर टबाला कोणी हात लावायचा नाही.

आता हे घर म्हणजे दिवेलागणीच्या आत मोरी लख्ख करणारं. तुळशीपुढे दिवा लागताना खरकटं भांडं दिसता कामा नये, हा नेम सासूबाईंना, म्हणजे सुशीलाबाईंना, त्यांच्या सासूने घालून दिलेला. त्यांनी तो कधी मोडला नव्हता, तापातही नाही. टब पहिल्यांदा ओट्यावर दिसला तेव्हा त्यांनी असं नाक मुरडलं की जागृतीला वाटलं, साबण इथेच संपला. पण टब तुळशीच्या नजरेआड, केळीच्या अंगाला ठेवायचा, एवढ्या अटीवर त्या गप्प बसल्या. तेव्हापासून साबणाच्या दिवशी संध्याकाळी त्या टबाकडे एकदा बघायच्या आणि काही न बोलता आत जायच्या.

त्या शनिवारी सकाळी साबण ओतून, टब झाकून जागृती नालासोपाऱ्याला एका दुकानात माल पोचवायला गेली. परतली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. भावेश वालीवच्या ज्या कारखान्यात हिशेब बघतो तिथले मर्विनसर बायकोला घेऊन आले होते, वाडी बघायला. येणार असल्याचं भावेशने तिला सांगितलंसुद्धा नव्हतं. हातात साबणाची वडी घेऊन तो रंगात आला होता. आमचा साबण, सगळं घरचं, तान्ह्या बाळालाही चालतो, असं त्याचं चाललेलं. या माणसाने आजवर साध्या वडीला कागद गुंडाळला नव्हता, आणि आता 'आमचा' म्हणत होता. जागृतीचं डोकं तिथेच तापलं, पण पाहुण्यांसमोर ती हसली.

पाणी प्यायला ती आत गेली आणि तिची नजर मोरीवर पडली. साबणाचे दोन्ही टोप घासूनपुसून पालथे घातलेले होते, चकचकीत. काथ्याचा चोथा बाजूला पडला होता. मागच्या ओट्यावर टब नव्हता.

तेवढ्यात सुशीलाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर निघाल्या. ट्रे पदरात गुंडाळलेल्या हातांनी धरलेला, आणि पदराला हळदीचे डाग. जागृतीने त्यांच्या हातातून ट्रे काढून घेतला, पदर सोडवला. बोटांना हळद आणि तेल थापलं होतं, आणि त्याखाली कातडी लालभडक, नखांच्या कडेला सुटलेली. सकाळी गजऱ्यासाठी कागड्याच्या कळ्या ओवताना सुई टोचली होती, तिथे तर मांस दिसत होतं.

तिने त्यांना अंगणातल्या नळावर नेलं, पाहुण्यांच्या देखत. नळ पूर्ण सोडला आणि त्यांचे हात धारेखाली धरून ठेवले. सासूबाई हात मागे ओढत होत्या, पाहुणे बघतायत गो, म्हणून कुजबुजत होत्या. जागृतीने ऐकलं नाही. तेल लावून सोडा आत कोंडून घेतलात, असं ती ओरडली. शंभरदा सांगितलं होतं, त्याचं काय केलंत, असंही ओरडली. सासूवर तिने असा आवाज आजवर चढवला नव्हता. मर्विनसरांच्या बायकोने भावेशने हातात दिलेली वडी हळूच खुर्चीवर ठेवून दिली. चहा न घेताच दोघं उठली.

डॉक्टरांनी मलम आणि पट्ट्या दिल्या. हात पाण्याखाली धरायला आणखी उशीर झाला असता तर बोटं कायमची आखडली असती, म्हणाले. महिनाभर हात ओले करायचे नाहीत. दवाखान्यातून येताना रिक्षात जागृतीने विचारलं, टोप घासायला कोणी सांगितलं होतं. माझी मीच घासली, दिवेलागण होत आली होती, एवढंच सुशीलाबाई बोलल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

घरी भावेश वाटच बघत होता. साहेबांसमोर नाक कापलं गेल्याचा सगळा राग त्याने साबणावर काढला. घरात विष करून ठेवतेस, आज आईच्या हातावर निभावलं, उद्या काय होईल, असा त्याचा सूर. सासरे, हरिश्चंद्र, कमी बोलणारे. त्यांनीही जेवायला बसता बसता सांगून टाकलं की उद्यापासून साबण बंद. तराजू, साचे, सोडा, सगळं भंगारात द्यायचं.

जागृतीचा संताप संताप झाला. या साबणावर ती उभी होती. तो गेला की ती पुन्हा या घराची नुसती सून. आणि ज्यांचे हात भाजले त्यांच्याच तोंडच्या एका वाक्याने तो जाणार होता. सासूबाईंनी आपणहून घासली म्हटल्यावर ती कोणाशी भांडणार? तरी ती पाटावर बसून सासूबाईंना भात भरवत होती, कारण पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्यांना घास उचलता येत नव्हता. भावेश समोर जेवत होता आणि अजून बोलत होता. आईलाही काही कळत नाही, म्हणाला, सवयच तशी, भांडं दिसलं की घासायचं.

सुशीलाबाईंनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"तू सांगितलंस मला," त्या म्हणाल्या. "साहेब येतायत, हे घाण दिसतंय, घासून टाक म्हणालास. मी इचारलं तुला, जागृती नको म्हनते ना? तू म्हणालास, साबनच तर हाय."

भावेशचा हात ताटात थांबला. हरिश्चंद्रांनी मुलाकडे पाहिलं. आई, मला काय माहीत, असं तो पुटपुटला. माहीत होतं, असं म्हणायला जागृतीने तोंड उघडलं, पण सुशीलाबाईंचं संपलं नव्हतं. त्या मुलाकडे बघतच नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडे तोंड केलं होतं.

"साबन बंद नाय व्हायचा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो असा जागृतीने कधी ऐकला नव्हता. "या घरात आले तेव्हापासून मी भांडी घासतेय. बाळंत झाले तेव्हा घासली, माझी आई गेली त्या दिवशी पन परत येऊन घासली. उद्या घास, असं मला कोनी म्हटलं नाय. तुम्ही नाय, तुमच्या आईने नाय. तेवढीच ती टोपं होती, जी आज घासायची नाय, असा नियम होता. मी रोज संध्याकाळी बघायचे त्या टबाकडे. बरं वाटायचं मला. तेवढं पन तुमच्याच्याने बघवलं नाय."

जागृतीला वाटत आलं होतं की त्या टबाकडे बघून सासूबाई तिला शिव्याच घालत असणार. तिचा राग कमी झाला नाही. उलट तो आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता. ती भावेशला सगळं सुनावणार होती, एक शब्द शिल्लक न ठेवता. तेवढ्यात सुशीलाबाईंनी तिच्याकडे वळून तोंड उघडलं.

"भरव," त्या म्हणाल्या. "मला भूक लागलीय."