दुसऱ्यानं धुतलेली चादर

"दिल्लीला मशीन हाय का गं, माय?"

तुळजाबाईंनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या डाव्या हातात दुसरी सुई घालत होते. नांदेडच्या आमच्या डायलिसिस सेंटरला त्या सोमवार, बुधवार, शुक्रवार यायच्या. दुपारची पाळी, चार नंबरचा बेड. सुई टोचताना बाकीचे पेशंट तोंड फिरवतात. तुळजाबाई मात्र हाताकडे बघत बघत प्रश्न विचारायच्या.

"दिल्लीत गल्लोगल्ली असतील," मी म्हटलं. "का हो मावशी, इथलं मशीन आवडेना का?"

"फिराय जायचंय. देश बघून यावं म्हणून राहिले."

तीन नंबरवरचे ग्यानोबा मामा पडल्या पडल्या हसले. "मशीन पाठीवर बांधून घिऊन जा, तुळजाबाई. रेल्वेत त्याचं तिकीट लागत न्हाई म्हणं."

"तुमाला बी बांधून नेते की. गप पडा."

मीही हसले. मला वाटलं, चार तास पडून राहायचं म्हणून माणूस काहीबाही बोलतं. पण बुधवारी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि शुक्रवारी तर पदराच्या गाठीतून कागद काढला. मुलाकडून, भागवतकडून, गावं लिहून घेतली होती. काश्मीर, कलकत्ता, मद्रास, अमृतसर, दिल्ली.

तुळजाबाई मूळच्या मुखेडकडच्या. नवरा गेल्यावर पोराला घेऊन नांदेडला आल्या आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर चादरी धुवायला लागल्या. सव्वीस वर्षं तेच काम. गुरुद्वाऱ्याला कुठकुठून माणसं यायची, एक रात्र झोपायची, सकाळी गेली की त्यांच्या चादरी खाली हौदावर यायच्या. देश त्यांनी असाच पाहिला होता.

"पंजाबच्या चादरीला राईच्या तेलाचा वास, माय. तेलंगणातल्या बायांच्या उशीवर हळद अन् फुलाच्या पाकळ्या. मारवाडच्या लेकरांच्या हातची मेंदी तर दोन पाण्यात निघायची न्हाई. कलकत्त्याकडची एक बाई व्हती, आठ दिस ऱ्हायली. रोज चादर ओली. घामानं न्हाई, रडून. वासावरून कळतंय."

"आणि आपल्याकडच्या?"

"आपल्याकडचे चादरीला हात पुसतेत." मग म्हणाल्या, "एवढ्या धुतल्या, पन मी कधी लॉजवर झोपले न्हाई. एकदा दुसऱ्यानं धुतलेल्या चादरीवर झोपावं म्हणते. कुठंबी. लांब."

आमच्याकडे पेशंट आपापली चादर घरून आणतात. तुळजाबाईंची पांढरी, नीळ दिलेली, घडीच्या रेघा दिसणारी. डाव्या हातात फिश्चुला होता, म्हणजे सुया घालण्यासाठी जोडलेली शीर. बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. त्या हातानं पिळायची, उचलायची मनाई होती. म्हणून लॉजचं काम सुटलं. आपली एक चादर मात्र उजव्या हातानं धुवायच्या.

मी ठरवलं, यांना पाठवायचं.

दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी घरी मला तासभर मिळायचा. माझी लेक सृष्टी तेव्हा अकरा महिन्यांची होती. ती मांडीवर दूध पीत असायची आणि मी कानाला फोन लावून बसायची. परगावच्या पेशंटला एक दिवस घ्याल का, रिपोर्ट काय काय लागतील, डॉक्टरांचं पत्र कोणाच्या नावानं. पहिल्याच आठवड्यात कागदावरची गावं गळायला लागली. मशीनशिवाय दोन दिवस जातात, तिसरा धोक्याचा. त्यात आमच्या सेंटरचा नियम होता की आठवड्याच्या वर गैरहजर राहिलं की बेड यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीत तेवीस नावं होती. एखादं नाव वर सरकायचं तर एखादा बेड रिकामा व्हावा लागतो, आणि तो कसा रिकामा होतो हे त्या तेवीसही घरांना ठाऊक होतं.

काश्मीर गेलं. कलकत्ता गेलं. मद्रासवर त्यांनी स्वतःच बोटानं फुली मारली. शेवटी सचखंड एक्स्प्रेस उरली, नांदेडहून निघून थेट अमृतसरला जाणारी. सोमवारी इथं डायलिसिस, मंगळवारी सकाळी गाडी. बुधवारी दुपारी दिल्ली, संध्याकाळी मशीन. शुक्रवारी अमृतसरला मशीन. शनिवारी पहाटे परतीची गाडी, रविवारी नांदेड. सोमवारी पुन्हा चार नंबर. कुठंही भोक नव्हतं. मी तो कागद तीनदा तपासला.

"अमृतसरचं देऊळ तळ्यात हाय म्हणं," त्या म्हणाल्या. "चहूकडून पानी. अन् मला दिवसाला दोन पेले."

"बघायला मनाई नाही, मावशी. पाणी प्यायलं तरच वजन वाढतं."

"बघूनबी वजन वाढलं तर?"

भागवत लातूरला शिकवणीच्या पोरांच्या मेसवर भाज्या करायचा. सोबत तोच जाणार होता, म्हणून रजा काढून आला होता. तो मला बाहेर व्हरांड्यात म्हणाला, "सिस्टर, तिकडं काय झालं तर?"

"इथंही होऊ शकतं," मी म्हटलं. मला वाटतं जरा तोऱ्यातच म्हटलं.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी मी मोठ्या अक्षरात चिठ्ठी करून दिली. गाडीत काय खायचं नाही. नागपूरची माणसं संत्री देतील, घ्यायची नाहीत. दिल्लीत ताक, लस्सी नाही. अमृतसरला डाळ आणि पालेभाजी नाही, रोटी चालेल. शहाळं, केळं, टोमॅटो, बटाटा कुठेच नाही. तहान लागली तर बर्फाचा खडा. तुळजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे देशभर फिरून चपातीच खायची."

"हो."

"बरं. चादर तर बघते."

अमृतसरच्या टेक्निशियनला मी फोनवर हसत हसत तेही सांगून ठेवलं होतं की यांच्यासाठी तुमच्याकडची चादर घाला, त्या आणणार नाहीत.

सोमवारी दुपारी चार नंबर रिकामा राहिला. मी मशीन लावून ठेवलं होतं. पंधरा मिनिटं वाट बघून भागवतला फोन केला.

"माय गेली, सिस्टर," तो म्हणाला. "सकाळी. चहा ठिवला अन् बघतो तर…"

नंतर तो कागदपत्रं न्यायला आला तेव्हा सगळं कळलं. रविवारी गल्लीनं त्यांना निरोप दिला होता. यात्रेला निघालेल्या माणसाला घरी बोलावून जेवू घालायची रीत. पाच घरांनी बोलावलं. पहिल्या घरी वरणफळं, दुसऱ्या घरी कटाची आमटी. धोंडाबाई म्हणून शेजारीण होती, तिनं शहाळं फोडलं, आजारी बाईला पचायला हलकं म्हणून. निघताना प्रत्येकीनं केळी हातात दिली. आणि सगळ्या घरी चहा.

"मी म्हणलं गं बाई खाऊ नको," भागवत म्हणाला. "तर म्हणली, आजवर मला कुणी पाटावर बसवलं व्हतं का रे? नको म्हणून त्यांचं मन कसं मोडू?"

शुक्रवार ते सोमवार हे अंतर आमच्या पेशंटचं सर्वात लांब असतं. त्यातल्या रविवारी त्यांनी पाच घरचं खाल्लं. एवढं पाणी आणि ते शहाळ्या-केळ्यांतले क्षार यांना अंगातून बाहेर जायला वाट नव्हती. हृदय थांबतं. मला हे पाठ आहे, मी नव्या पेशंटच्या घरच्यांना ते रोज सांगते. चिठ्ठीत मी नागपूर लिहिलं, दिल्ली लिहिली, अमृतसर लिहिलं. गल्लीचं काही लिहिलं नव्हतं.

ती चिठ्ठी भागवतनं कागदांत घालून परत आणली होती. घडीवर हळदीचं बोट उमटलेलं.

दिल्लीला मी सोमवारीच फोन करून नाही म्हणून कळवलं. अमृतसरचा नंबर काढला, आणि तेवढ्यात पाच नंबरचं मशीन वाजायला लागलं. नंतर करू म्हटलं. मंगळवारी सृष्टीला ताप होता. बुधवारी चार नंबरवर लोहा गावचे केरबा आले, यादीतलं पहिलं नाव. पन्नाशीचा माणूस, पायांवर सूज, सोबत बायको. चादर आणायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनं आपल्या खांद्यावरची शाल अंथरली. सुई घालताना त्यांनी तोंड फिरवलं.

शुक्रवारी चार वाजता फोन वाजला.

"मॅडमजी, अमृतसर से," तिकडचा टेक्निशियन म्हणाला. "माताजी अभी तक पहुँचे नहीं. गाड़ी लेट है क्या? हमने बेड रखा हुआ है."

मी व्हरांड्यात गेले. त्याला दोन वाक्यांत सांगितलं. मागे त्यांच्या मशीनचा आवाज येत होता. आमच्यासारखाच.

"बेड किसी और को दे दीजिए," मी म्हटलं. "आपके यहाँ भी लाइन होगी."

"है जी. बहुत है."

तो फोन ठेवणार होता.

"भैया, चादर बिछाई थी?"

"जी. आपने बोला था ना." मग त्याला वाटलं असेल, मी तक्रार करतेय. "सफ़ेद है जी. धुली हुई. सुबह ही धोबी देकर गया."