फ्राऊ झोने

मुलांनो, डोळे मिटा आणि एका गावात उभे राहा. सकाळचे आठ वाजलेत. स्टेशनवरची सगळी गर्दी गाडीत बसून निघून गेली. मागे कोण उरलं? एक मांजर, पोस्टमन आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत नंदा सोनवणे.

हे गाव जर्मनीतलं, गेर्लिंगेनच्या पलीकडचं. साल दोन हजार तीन. माणसं इथे झोपण्यापुरती यायची. नंदाचा नवरा यशपालही रोज गेर्लिंगेनला जायचा. नंदा एम.एस्सी. झालेली, पण तिच्या व्हिसावर अजून नोकरीची परवानगी नव्हती.

एका संध्याकाळी त्यांची तिसरीतली मुलगी अपेक्षा टेबलावर मोठा कागद पसरून बसली होती. आपल्या इमारतीत कोण कुठे काम करतं, ते शाळेने लिहायला सांगितलं होतं. रकाने तीन : बाहेरगावी, गावात, काम नाही.

"बाबा पेंडलर," ती म्हणाली.

"पेंढारी? लूटमार करतो की काय?" पोळी लाटता लाटता नंदाने विचारलं.

"नाइन, नाही गं आई! रोज कामाला बाहेरगावी जातो नि परत येतो, तो पेंडलर."

"बरं बाई. आणि मी?"

अपेक्षा पेन्सिल चावू लागली. "आल्झो... म्हणजे... तू तर कुठेच जात नाहीस."

"मग तिसऱ्यात लिही. खरं तेच लिहायचं." नंदा हसली खरी, पण तव्यावरची पोळी करपली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे हेर ब्रांट, म्हणजे ब्रांटसाहेब, ब्योब्लिंगेनहून नुकतेच कामावरून परतलेले. हातात पोस्टमनची पिवळी चिठ्ठी : तुमचं पार्सल शेजारी फ्राऊ झोने यांच्याकडे आहे.

दिवसा या इमारतीत एकच दार उघडायचं, म्हणून सगळ्यांची पार्सलं नंदाकडे यायची. 'सोनवणे' पोस्टमनच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्याने आपलं 'झोने' करून टाकलं. फ्राऊ म्हणजे बाई आणि झोने म्हणजे सूर्य. आता सगळी इमारत तिला तेच म्हणायची.

"माझ्या आईचं श्रवणयंत्र आलं!" खोकं छातीशी धरत हेर ब्रांट म्हणाले. "तुम्ही नसता, तर परवापर्यंत ती माझ्यावर ओरडत बसली असती. फार आभार, फ्राऊ झोने."

"अहो, त्यात काय एवढं!" नंदा चक्क मराठीत बोलून गेली. त्यांना ते बरोबर कळलं.

चिठ्ठी तिने नेहमीसारखी बिस्किटांच्या डब्यात टाकली. तिला त्या फेकवत नसत. वर्षभराच्या साठल्या होत्या.

अपेक्षा हे सगळं बघत होती. मग तिने काय केलं असेल?

तिने डबा टेबलावर उपडा केला, डिंकाची बाटली उघडली आणि मधल्या रकान्यात, 'गावात' या शब्दाखाली, एकेक चिठ्ठी चिकटवायला घेतली. रकाना भरला, तेव्हा तिने खाली दुसरा कागद जोडला.