हॅमोचं शिंग, थर्स्टनचे बूट

मी एक जुनं शिंग आहे, मित्रांनो. बैलाचं. इंग्लंडमधल्या थॉर्नबेक गावात ब्रून नावाचा तांबडा बैल होता. तो म्हातारा होऊन गेला, तेव्हा त्याच्या कातड्याचे बूट झाले आणि शिंगाचा मी. म्हणजे बूट आणि मी सख्खी भावंडं.

टोकाला भोक पाडून, घासूनपुसून मला हॅमोच्या कमरेला बांधलं. हॅमो गावचा राखण्या. गुरं पिकात शिरली की तो मला दोनदा तोकडं फुंकायचा. लोक शेताकडे धावायचे आणि ओढाळ जनावर कोंडवाड्यात जायचं. चोर पळाला की एकच लांब फुंक. मग हातातलं काम टाकून सगळ्यांनी काठ्या घेऊन वेशीपर्यंत त्याच्यामागे धावायचं, तिथून पुढच्या गावाला हाळी द्यायची. राजाचा कायदाच होता तसा.

पळणाऱ्यांसाठी आमच्याकडे नावांना तोटा नव्हता. चर्चमध्ये आसरा घेतला तो शरणागत. राज्य सोडायची शपथ घेऊन बंदराकडे निघाला तो तडीपार. कचेरीत बोलावूनही आला नाही, तर त्याला 'लांडग्याचं डोकं' म्हणत. लांडग्यासारखं त्याला कुणीही मारावं. हे नाव गावात कुणी मोठ्यानं घेत नसे. आणि मालकाच्या जमिनीला बांधलेला माणूस पळाला तर तो पळकुटा. पण शहरात त्यानं वर्ष आणि वर एक दिवस काढला, की तो मोकळा. हे शेवटचं नाव मला फार आवडायचं.

थर्स्टन असाच बांधलेला नांगऱ्या. ब्रूनच्या कातड्याचे बूट त्यानंच शिवले होते, आणि काय नेटके शिवले होते. त्याला लिंकन शहरात जाऊन मोची व्हायचं होतं. एका सकाळी तो गेलाच. लगोलग मालकाचा कारभारी फुल्क घोड्यावरून हॅमोच्या दारात हजर.

"फुंक शिंग. लांब. चोर पळालाय."

"काय चोरलं त्यानं?"

"बूट."

"अहो कारभारी, ते त्याचेच की."

"बांधलेल्या माणसाचं कधी काही असतं होय? अंगावरचा सदरासुद्धा मालकाचा. आज सापडला तर फासावर जाईल, नाही सापडला तर लांडग्याचं डोकं ठरेल. फुंक."

थर्स्टन हॅमोच्या अंगाखांद्यावर खेळलेला. हॅमोनं मला ओठांना लावलं. मी भ्यालो होतो. मग त्यानं फुंकलं. दोनदा, तोकडं.

सगळं गाव जवाच्या शेताकडे धावलं. तिथे औषधालासुद्धा गाय नव्हती. पण आमचे लोक कसले वस्ताद. कारभाऱ्याचा लालबुंद चेहरा पाहिला आणि बांधाबांधानं ते नसलेल्या गाई मन लावून हाकलू लागले.

"तू मुद्दाम केलंस, हॅमो."

"घाबरलो की माझी फुंक तुटते, कारभारी. लहानपणापासूनची खोड आहे."

तेवढ्यात हॅमोची बायको अल्डिथा वेशीकडून डुलत डुलत आली. तिच्या हातात बूट होते. थर्स्टनलाही कायदा ठाऊक होता. त्यानं ते वेशीवरच्या काटेरी कुंपणावर काढून ठेवले होते आणि तो अनवाणी पुढे गेला होता.

"पळताना चोरानं टाकलेला माल मालकाचा, खरं ना?" अल्डिथानं विचारलं. "हा घ्या माल. आता चोरी कुठली राहिली? नुसता पळकुटा राहिला. त्याच्यासाठी काही लांब फुंकत नाहीत."

सगळं गाव ऐकत होतं. फुल्कला बूट घ्यावे लागले. वर ऐटीत त्यानं ते पायातही घातले. ते त्याला घट्ट होत होते, पण काढले तर हसं होईल म्हणून वर्षभर तो लंगडत हिंडला. माझ्या भावंडानं नाव राखलं.

हॅमोला मात्र दिवसभर पाय अडकवून खोड्यात बसवलं. अल्डिथानं त्याला आपल्या हातची बिअर पाजली, नि वर ऐकवलं, "बैस निवांत. एरवी कुठे बसतोस?"

तरी ते वर्ष आम्हाला जड गेलं. शहराकडून घोडेस्वार आला की वाटायचं, थर्स्टनला धरून आणलं.

पुढच्या वर्षी, जव पिकत आला असताना, हॅमोनं भर दुपारी मला उचललं आणि एकच लांब फुंकलं. इतकं लांब मी आयुष्यात वाजलो नव्हतो. गाव काठ्या घेऊन रस्त्यावर आलं. सगळ्यांपुढे अल्डिथा, हातात बिअर ढवळायचा दांडा.

"कुठाय चोर?"

"हा काय," हॅमो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "बूट बघा त्याच्या पायात. या खेपेला त्याचेच आहेत."

थर्स्टन नव्या करकरीत बुटांत उभा होता. मोकळा.

आता मी त्याच गावच्या चर्चमध्ये खुंटीवर असतो. मला तडा गेलाय. कुणी कधी तेलाचा हात फिरवला तर बरं वाटतं. जुन्या वस्तूंना एवढंच हवं असतं. पण मित्रांनो, ते राहिलं तरी चालेल. 'धरा, धरा' अशी ओरड ऐकलीत, तर धावण्याआधी पळणाऱ्याच्या पायांकडे एकदा बघा. तो अनवाणी असेल, तर आधी विचारा, त्याचे बूट कुणाच्या पायात आहेत.