एकाच ओंडक्याची दोन बाकडी

मी एक जुनं बाकडं आहे, पेणमधल्या एका दवाखान्याच्या ओट्यावरचं. मित्रांनो, 'जुनं' हे डॉक्टरांचं म्हणणं. जनू सुतारानं सागाच्या एकाच ओंडक्यातून आम्हा दोन भावंडांना घडवलं. दुसरं आत पंख्याखाली गेलं. त्याला दर दिवाळीला पॉलिश होतं. माझ्या वाट्याला ऊन, पावसाची झड, खाडीचा खारा वारा आणि माझ्याच पायाशी पिंक टाकणारे सभ्य लोक आले. आतलं अजून नवरदेवासारखं चकाकतं. माझे सांधे कुरकुरतात. त्यावर डॉक्टरांचं निदान, "वय झालं याचं." एवढं कळायला म्हणे पुष्कळ शिकावं लागतं.

माणसांनाही ते हेच सांगतात. मिठागरात राबणारी मालू धाप लागते म्हणून पुन्हा पुन्हा यायची. दिवसभर उन्हात मीठ ओढायचं, पाय खाऱ्या पाण्यात, घरी ओल्या लाकडांची चूल. कोणी विचारलं असतं, तर तिनं हे सांगितलंही असतं. पण छातीला नळी न लावताच उत्तर तयार, "आजी, या वयात होतंच. टॉनिक घ्या."

परवा तिच्यासोबत वरसे गावात लग्न करून दिलेली रोहिणी आली. माझ्यावर टेकताच कुजबुजली, "गो मालू, आज छाती तपासल्याबिगर उठायचं नाय."

डॉक्टर दारात आले. "काय आजी, आज लेकीला आणलंत?"

मालूनं दम घेतला. "व्हय. लेक माझी, घटकाभरानं धाकटी."

"म्हणजे?"

"जुळ्या हाव आमी," रोहिणी म्हणाली. "चव्वेचाळीस सरली. लग्नंबी एकाच मांडवात. मला सावली न् गॅस मिळाला, हिला मिठागर न् धूर. आता सांगा, वय कुनाचं झालं?"

दोन तोंडं शेजारी शेजारी बसली, तेव्हा कुठे विद्वानांच्या डोक्यात उजेड पडला. नळी लागली. बराच वेळ लागली. टॉनिकची बाटली कपाटातच राहिली. छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं आणि वर विचारलं, "आधी का नाही आलात?"

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "हे मोडकं टाकून देऊ. नवं आणू."

माझ्यावर हात टेकून उठता उठता मालू म्हणाली, "टाकता कशाला? जरा आत घेऊन बगा."

अजून कोणी आत घेतलेलं नाही. मित्रांनो, कोणाला म्हातारं म्हणण्याआधी एवढं विचारा, की त्याला आजवर ठेवलं कुठे होतं? मला तूर्त मोडायचं नाही. मालू फोटो घेऊन येईल, तेव्हा तिला टेकायला जागा लागेल.