मला तहान नव्हती

धावड्याच्या बरडावर, म्हणजे गावाबाहेरच्या उजाड टेकडीवर, खडकाच्या फटीत उभं असलेलं मी जांभळं रानफूल. तुळशीच्या कुळातलं बरं का, मित्रांनो! खोड चौकोनी, फूल उघड्या ओठांसारखं आणि वास इतका उग्र, की शेळ्यासुद्धा हुंगतात, शिंकतात आणि पुढे जातात.

आमची सात रोपं होती. उन्हाळ्यात आम्ही वरून वाळायचो, मुळांत जगायचो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटायचो. शेळ्या राखणाऱ्या नंदाबाई आम्हांला 'कडूतुळस' म्हणायच्या. त्यांनी कधी हात लावला नाही. काय सुखाचं दुर्लक्ष होतं ते!

मागच्या भादव्यात नववीतली साक्षी तिच्या राजानंद सरांना घेऊन आली. सरांनी भिंग लावलं, रोपं मोजली आणि वहीत सात लिहिला.

"साक्षी, ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे! हिला जपलं पाहिजे."

मी केवढं फुशारलं! पण 'जपलं पाहिजे' हे दोन शब्द गावात गेले आणि घात झाला.

"एवढी भारी चीज अन् उन्हात मरून राह्यली?" असं म्हणत सर्जेरावकाकांनी एक रोप उपटून पारावर लावलं. एक शाळेत गेलं, एक पंचायतीपुढे, दोन कुणाकुणाच्या अंगणात. सहावं साक्षीनेच नेलं, आइस्क्रीमच्या डब्यात. माझं मूळ खडकात अडकलं, म्हणून मी राहिलं.

सगळ्यांनी भरपूर माया केली. दोन टाइम पाणी, वर शेणखत. पंधरा दिवसांत सहाही रोपं मुळापासून कुजली.

साक्षी रडतच वर आली. "मावशी, म्या तर रोज पाणी घातलं!"

"तेच चुकलं ना, बाई," नंदाबाई म्हणाल्या. "तिला तहान कुठं व्हती? इतकी वर्सं मी काय बादली घेऊन येत व्हते?"

यंदा मी पुन्हा फुललं. मधमाशी आली, पण तिच्या पायांना माझेच पराग. आमच्यात दुसऱ्या रोपाचे पराग लागले, तरच बी धरतं.

आज सरांनी माझी वाळलेली फुलं तळहातावर चोळली. नुसता भुसा.

"सर, बी?" साक्षीने विचारलं.

सरांनी वहीतला सात खोडून एक लिहिला आणि टेकडी उतरले.

मित्रांनो, एखादं रानफूल आवडलं, तर त्याला घरी नेऊ नका. त्याच्या घरी या. माझ्याकडे येणार असाल, तर जरा लवकर या.

साक्षी अजून इथेच बसली आहे. तिने पाण्याची बाटली उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.