आतून उघडणारं दार

वस्तू तळहातात मावेल एवढीच होती. पत्र्याची एक रुंद पट्टी आणि तिच्या मागे स्प्रिंग. ती फ्रीजच्या दाराला आतल्या बाजूने बसवायची. आत अडकलेल्या मुलाने नुसता हात टेकवला तरी दार फटकन उघडावं, एवढाच तिचा उपयोग.

ती बनवणारा मिस्त्री फ्रीज दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याची मुलगी ठमी चार वर्षांची होती. दुकानामागच्या मोकळ्या जागेत लपाछपी खेळताना ती एका जुन्या फ्रीजमध्ये शिरली. सुट्या भागांसाठी ठेवलेला फ्रीज होता तो, बाहेरूनच उघडणाऱ्या कडीचा. ती सापडली तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर त्याच्या बायकोने बोलणंच टाकलं. ताट वाढायची, कपडे वाळत घालायची, पण तोंडातून शब्द नाही. मिस्त्रीने पट्टी बनवायला घेतली तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याजवळ येऊन बसली. करंगळीने पट्टी दाबून बघितली.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "तिच्या हाताला एवढा जोर कुठला?"

मिस्त्रीने स्प्रिंग बदलली. मग आणखी एकदा बदलली. हळूहळू घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. पट्टीबद्दलच, पण बोलणं. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखानदाराला त्याने नमुना दाखवला. "आधी चार आईबापांना दाखवा," तो म्हणाला. "त्यांना काय वाटतं ते कळू दे, मग पुढचं बोलू."

म्हणून एका दुपारी दोघं छोटा फ्रीज टेम्पोत घालून ठमीच्याच बालवाडीत गेले. बाईंनी पालकांना बोलावून ठेवलं होतं. मिस्त्रीने फ्रीजच्या मागचा पत्रा कापला होता, म्हणजे मागून हात घालून आतली पट्टी दाबता यायची. पालक बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एकेक जण उठून यायचा, हात घालायचा, दार उघडायचं.

"छान आहे."

"फारच छान."

"अगदी गरजेची वस्तू आहे हो."

सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, हीच खरी अडचण होती. कुणी मिस्त्रीच्या डोळ्यांत बघत नव्हतं. एका हसऱ्या काकूंनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "आमच्या ह्यांना फ्रीज उघडताच येणार नाही असंही काहीतरी काढा की! सारखं तोंड चालू असतं." दोघंतिघं हसले. शेजारणीने कोपर मारलं तशा काकू पांढऱ्याफटक पडल्या आणि पर्समध्ये उगीचच काहीतरी शोधू लागल्या.

"अहो, कौतुक नको," मिस्त्री कळवळून म्हणाला. "चुकतंय कुठे ते सांगा. त्यासाठीच आलोय."

नातवाला घेऊन आलेले एक आजोबा फ्रीजकडे बघत म्हणाले, "पण मी म्हणतो, जुना फ्रीज बाहेर ठेवताना त्याचं दारच काढून ठेवलं तर?"

"बाबा, चला," त्यांच्या सुनेने दंड धरून त्यांना उठवलं.

मिस्त्री तिथेच उभा राहिला. दार काढणं म्हणजे नुसतं पाना फिरवायचं काम. हातात चहाचा कप असताना उरकलं असतं.

हळूहळू खोली रिकामी झाली. बाई खुर्च्या एकात एक रचत होत्या. रचतारचता थांबल्या.

"मी बोलू का? की नको?"

"बोला बाई," मिस्त्रीची बायको म्हणाली. "तुम्ही तरी बोला."

"पट्टी उत्तम आहे. पण मूल ती ढकलणार कधी? बाहेर यावंसं वाटेल तेव्हा ना?" बाईंनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "लपलेल्या मुलाला बाहेर यायचंच नसतं हो. आम्ही इथे रोज बघतो. जवळ जाऊन हाक मारली तर ते आणखी अंग आवळून बसतं, तोंडावर हात धरतं. आपण सापडत नाही याचाच त्याला आनंद असतो. आणि घाबरून बाहेर यावंसं वाटेपर्यंत अंगात त्राण उरेलच, असं नाही."

"म्हणजे ही पट्टी असती, तरी..." मिस्त्रीची बायको म्हणाली.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने खांदा काढून घेतला.

परत येताना टेम्पोत ती समोर बघत बसली होती. फ्रीज मागे खडखडत होता. दुकानापाशी उतरल्यावर मिस्त्री म्हणाला, "मी स्प्रिंग आणखी हलकी करून बघतो. किंवा आत वजन पडलं की आपोआप उघडेल असं काहीतरी..."

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा तिला शोधत मागे गेला होतात ना?"

"गेलो होतो."

"हाका मारल्या होत्या?"

"मारल्या होत्या गं. किती सांगू?"

"फ्रीजजवळून?"

तो दुकानाची किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला.

ती दुकानाला वळसा घालून मागे गेली. तोही तिच्या मागोमाग गेला. त्या फ्रीजची जागा रिकामी होती. भिंतीवर त्याच्या उंचीएवढा ओलीचा डाग तेवढा होता. ती डागाला पाठ लावून खाली बसली, गुडघे छातीशी घेतले.

"कशी मारली होतीत हाक?" तिने विचारलं. "रागावून की लाडाने?"

"ऊठ. चल घरात."

"लाडाने मारली असेल तर ती हसत असेल. मला तेवढंच कळू दे. तश्शीच मारा एकदा."

मिस्त्रीने तोंड उघडलं. घशातून नुसता वारा आला. त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि खाली मातीत बसला. ती कान देऊन वाट बघत राहिली.