टेपचं दुसरं टोक

बहात्तर! भिंगरीने कागदी कपांत पेरलेल्या बियांपैकी बहात्तर उगवल्या होत्या. टोमॅटो, वांगी, मिरच्या, सगळी बाळं तिच्या खोलीतल्या खिडकीत. रोपं उजेडाकडे माना वाकड्या करतात, म्हणून रोज शाळेआधी ती प्रत्येक ट्रे अर्धा फिरवायची.

"एवढी काळजी स्वतःच्या वेणीची घेतलीस तर!" आई म्हणायची.

परसात वाफे करायचे आणि फाटकाशी टेबल मांडून भाजी विकायची, हा बेत तिचा आणि बाबाचा. शेजारच्या शिंपीणकाकूंनी तर मिरच्या आत्ताच सांगून ठेवल्या होत्या. गेल्या महिन्यात बाबाने आपणहून टेप काढली. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. लांबी बावीस फूट, रुंदी दहा.

"आता फाटक मापू," तो म्हणाला.

"फाटक कशाला रे?"

"अगं, हातगाडी आत यायला नको?"

हातगाडी! हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने वाफ्यांच्या आपल्या नकाशात लगेच लाल पेन्सिलीने हातगाडी काढली, चाकांना आरेसुद्धा. आणि नकाशा बाबाला दिला. "आकडे तू लिही, तुझं अक्षर छान आहे."

शनिवारी शाळा लवकर सुटली. आज रोपांना पहिल्यांदा तासभर ऊन दाखवायचं होतं, म्हणून ती धावतच आली. परसात एक गवंडी दोरी ताणत बसला होता. शेजारी सिमेंटची पोती, खडीचा ढीग.

"काका, हे वाफ्यांसाठी?"

"कसले वाफे, पोरी? कोबा घालायचाय. नवी गाडी यायचीय ना तुमची!" त्याने खिशातून कागदाची घडी उलगडली. "ही बघ साहेबांनी दिलेली मापं. बावीस बाय दहा, फाटक आठ."

अक्षर बाबाचं. छानच होतं. कागदातून मागचा लाल रंग दिसत होता. तिने तो उलटा केला. तिचे वाफे, तिची हातगाडी.

तेवढ्यात बाबा गवंड्यासाठी चहा घेऊन आला आणि दारातच थबकला.

"अगं, आज लवकर? मी सांगणारच होतो. तू इतकी खूश होतीस, म्हटलं हिरमोड कशाला..."

"टेप धरताना तुला माहीत होतं?"

"गच्चीवर चार कुंड्या आणू की."

"फाटक मापताना?"

बाबा चहावरची साय बघत राहिला. "हो," म्हणाला.

'केसाने गळा कापणे' याचा वाक्यात उपयोग करून तिने चाचणीत पूर्ण गुण मिळवले होते. तेव्हा किती सोपं वाटलं होतं! गाडी येणार असं आधी सांगितलं असतं, तर तिने ती रोज पुसलीही असती. पण त्याने टोक तिच्याच हाताने धरवलं होतं. वर, दुसरा एक कागद मिळाला नाही त्याला?

रोपांना या भांडणाचं काय! मुळं कपांच्या भोकांतून बाहेर डोकावत होती. ती तडक शिंपीणकाकूंकडे गेली. त्यांच्या दुकानामागे जमिनीची एक पट्टी रिकामी पडलेली होती.

"घे की! चिंध्या मात्र तू उचलायच्या. आणि मिरच्या आधी मला!"

चार दिवस चिंध्या उचलल्या. पाचव्या दिवशी कुंपणापाशी बाबा आला, हातात टेप.

"टोक धरू?"

"नको. खिळा ठोकलाय."

त्याने टेप खिशात घातली. हळूच म्हणाला, "तू बोलत नव्हतीस ना, म्हणून रोज पहाटे तू झोपेत असताना ट्रे मीच फिरवत होतो."

भिंगरीने मान वर केली. चार दिवस रोपं एकाच बाजूला का झुकतायत, हे तिला उमगत नव्हतं.

"तरीच! शाळेत जाताना मीही फिरवत होते. म्हणजे रोपं परत होती तिथेच!"

बाबाला हसू आलं. तिलाही आलं असतं, आठवड्यापूर्वी.

"उद्यापासून हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि खिळ्याला बांधलेली दोरी ओढत पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली.